औषधाचा चमचा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात घरचा एकेक चमचा. चमचेबाबांचा नियमच होता, ज्यानं औषध घेता तोच चमचा आणायचा. सेवक तो 'शुद्धीसाठी' पडद्याआड नेत. मग बाबा चमच्याच्या मानेवरून नुसता अंगठा फिरवत आणि कट्!

"चमचा तुटला, रोग सुटला! औषध बंद!"

"अगं, तुकडा अजून ऊन आहे! बाबांचं तेज!" बायका कुजबुजत. बाबांना दोन्ही प्रकारच्या चमच्यांचा कधी तुटवडा पडला नाही.

गर्दीत एक आई होती. तिच्या लेकीच्या फिटच्या औषधाचा चमचा महिन्यापूर्वी असाच तुटला होता. औषध बंद झालं, तरी एकही फिट आली नाही. म्हणून आज ती पाया पडायला आली होती. लेक अंघोळ उरकून मागून येणार होती. सोबत तिची धाकटी बहीण होती, शाळेत विज्ञान शिकवणारी आणि जिभेला धार असलेली.

"बाबा, माझा चमचा आत न्यायचा नाही. इथंच तोडा," बहीण म्हणाली.

बाबांनी अंगठा घासला, डोळे मिटले. कपाळाला घाम फुटला, चमचा काही तुटला नाही.

"बाई, तुझ्या मनात शंका आहे!"

"माझ्या मनात आहे. चमच्याला कसली शंका?"

तिनं चमचा घेतला आणि त्याची मान उलटसुलट पिळू लागली. "एकदा पिळला तर नुसता वाकतो. पुन्हा पुन्हा पिळला की आत बारीक चीर पडते, वाढत जाते. वरून मात्र धड दिसतो. शेवटी अंगठाही पुरतो." कट्! तिनं तुकडा थोरलीच्या हातात दिला. "ताई, ऊन लागतोय ना? पिळल्यानं धातू तापतो. तेज कसलं डोंबलाचं!"

कुणीतरी पडदा ओढला. आत दोन सेवक पकडी घेऊन चमचे पिळत बसले होते. लोक खवळले आणि बाबा मागच्या दारानं पसार झाले.

थोरलीनं ते पाहिलंच नाही. वरून धड दिसतो, एवढंच तिच्या कानात घुमत होतं. ती घराकडे धावत सुटली.

न्हाणीचं दार आतून बंद होतं, नळ वाहत होता. शेजाऱ्यांनी दार फोडलं. लेक भरल्या टबात पालथी पडली होती.

"औषध कधी थांबवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं मूठ उघडली. तुकडा आता गार झाला होता.

लोकहो, टाळी वाजवण्याआधी पडदा ओढून बघत जा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. चमचा काय, बाजारात दुसरा मिळतो.