वनमालाबाईंच्या घरघंटीचा सूड

मी घरघंटी बोलतेय. गोड बोलणं मला जमत न्हाई, आधीच सांगून ठेवते.

एका हॉटेलात सहा वर्षं दळून दळून माझी पाती झिजली, तशी मी भंगारात गेले. तिथून एका ऑनलाइन दुकानदारानं मला उचललं. त्या मेल्यानं माझ्यावर लाल रंग मारला, 'नवी कोरी' म्हणून फोटो टाकला अन् खाली आपल्याच माणसांकडून पाच-पाच तारे देऊन घेतले. माझं तोंड रंगवून खोटं बोलायला लावलं, त्या दिवसापासून मी त्याच्यावर दात धरून बसले.

मला मागवलं बीड जिल्ह्यातल्या तेलगावच्या वनमालाबाईंनी. खोक्यातून काढताच हळद-कुंकू वाहिलं, दारावर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. पाहुण्यांना दाखवायला भाची राजनंदिनीनं सगळं मोबाइलवर टिपलं. एवढा मान बघून मला लाज वाटली.

गल्लीतल्या आठ घरांचं दळण आलं. पिठात माझ्या पात्यांचा कीस उतरला, भाकरी कचकचायला लागली. गल्ली म्हणाली, वनमाला पीठ काढून घेते अन् वाळू घालते. बाई मग पाण्यालासुद्धा उजाडायच्या आत जायला लागल्या.

दुकानदाराला फोन केला, तर म्हणे कुंकू लावलं म्हणजे वापरली, परत घेणार न्हाई, भांडायचं तर आमच्या शहरात या.

राजनंदिनी बीडला वकिली शिकते. तिनं सांगितलं, इंटरनेटवर विकणाऱ्याला खोटे तारे चालत न्हाईत, खराब माल परत घेणं टाळता येत न्हाई, तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. अन् दावा गिऱ्हाईक राहतं त्या जिल्ह्यात लावता येतो.

"आत्या, आपण कशाला त्याच्या शहरात जायचं? त्यालाच येऊ दे बीडला."

बाईंनी बीडलाच दावा लावला. मला लई बरं वाटलं.

मे महिन्यात आला तो, वकील घेऊन, घाम पुसत. ग्राहक आयोगात त्यानं पुन्हा कुंकवाचंच तुणतुणं लावलं. बाईंनी मोबाइल पुढं केला. कुंकू लागायच्या आधीच, खोक्यातून निघताना, माझ्या रंगाखालून डोकावणारा गंज त्यात दिसत होता. मलाही तिथं आणलं होतं; रंग खरवडला, तर खाली हॉटेलचं नाव निघालं. त्याचा चेहरा पडलेला मी डोळे भरून बघितला. काय सांगू, सहा वर्षांचा शीण गेला.

काय पाहिजे, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "पैशाचं तुमी बघा. माझ्या गल्लीला लिहून द्या, वाळू मी घातली न्हाई."

निकाल लागला. पैसे आले, दुकानदाराचं सही-शिक्क्याचं माफीपत्रही आलं. बाईंनी ते आठही घरांत स्वतः जाऊन वाचून दाखवलं. घरोघर चहाचं विचारलं. बाई कुठंच बसल्या न्हाईत.

मला न्यायला उद्या त्याचा टेम्पो येणार. ने बाबा, तुझ्याच दारात बसते, हे खरवडलेलं तोंड घेऊन. तुला कायद्यानं धरलं, माझं समाधान झालं. पण या आठ घरांना कोण धरणार? वाळू म्हणायच्या आधी एकानंही माझं झाकण उघडून बघितलं नव्हतं.