लेप्टोचा लेप

कोपरच्या खाडीकडच्या आळीत मंजुळाबाईंचा आवाज आल्याशिवाय कुणी पान हलवत नसे. आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे बारा माणसं होती. टाईप करणारे टाईप करत बसायचे. मंजुळाबाईंची शाळा दुसरीतच संपलेली, त्या बटण दाबून सरळ बोलायच्या. नळाला पाणी कधी येणार, कुणाच्या सुनेने मोरीत भात ओतून गटार तुंबवलं, सगळं त्यांच्या तोंडून. ‘माझं चुकलं’ एवढं मात्र सत्तर वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही. तो बिचारा वाट बघून गेला.

शनिवारी आळीत गुडघाभर पाणी शिरलं. रविवारी ओसरायला लागलं, तशी पालिकेच्या दवाखान्यातली आशा सेविका कल्पिता पिवळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली. दारात पंप ढणढणत होता.

“आजी, या लेप्टोच्या गोळ्या,” ती ओरडून म्हणाली. “पाण्यातून चाललेल्या सगळ्यांना द्या. पायाला जखम असेल त्याला आधी. लहान पोरं आणि गरोदर बाया मी बघते. बाकी ग्रुपवर टाकलंय.”

“कळलं गो. मी काय बहिरी आहे?”

डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि कल्पिता डावीकडे उभी होती.

ग्रुपवर कल्पिताने टाकलेलं चित्र होतंच. त्यात मुंगीएवढ्या अक्षरांच्या सतरा ओळी होत्या. तिघांनी खाली हात जोडले होते, वाचलं कुणीच नव्हतं. मग मंजुळाबाईंचा आवाज आला.

“ऐका सगळे. दवाखान्यातून लेपाच्या गोळ्या आल्यात. माझ्याकडून घेऊन जा. सहाणेवर उगाळायची आणि पायाला चोपडायची, जखमेवर जाड. बारक्यांना लावू नका, ती चाटतात.”

चाटण्याचं कारण त्यांनी पदरचं घातलं होतं. कारण सांगितल्याशिवाय लोक ऐकत नाहीत, आणि दवाखानावाले कधी कारण सांगत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

सोमवारी दुपारी कल्पिता परत आली तेव्हा आळीभर पिवळे पाय फिरत होते.

“आजी, हळदी आहेत का कुणाच्या?”

“लेप आहे तो. तूच तर दिलास.”

कल्पिता पायरीवर बसली. “लेप नाही, आजी. लेप्टो. ताप असतो तो. उंदराचं मूत पुराच्या पाण्यात उतरतं आणि जखमेतून अंगात जातं. गोळी गिळायची होती, जेवून. आजचा दिवस हातात आहे. अंगात भिनलं तर माणूस जातो.”

“मग गोळीवर लिहायचं, गिळा म्हणून.”

“गोळी कुणी उगाळेल असं वाटलं नव्हतं, आजी.”

मंजुळाबाईंनी खाडीकडे बघितलं. त्यांचा दीर काळुराम दोन दिवस पाण्यात उभा राहून पंप सांभाळत होता. अंगठा पत्र्याने चिरलेला, त्यात साखरेचा आजार. आळीत सगळ्यात जाड लेप त्याचाच होता, त्यांनी स्वतः लावलेला.

कल्पिताने ग्रुपवर लिहिलं, ‘गोळी उगाळू नका, गिळा.’ लगेच देवरामचं उत्तर आलं, ‘मंजुळाकाकींना विचारून सांगतो.’ त्याखाली हेमांगीचं, ‘काकी लेप म्हणाल्यात.’

“तुम्हीच बोला आता,” कल्पिता म्हणाली.

“बोलते की. दवाखान्याने गोळी बदलली म्हणून सांगते.”

“मग कालची ज्यांनी लावली ते म्हणतील, आमची झाली, नवी दुसऱ्यांना द्या.”

हे खरं होतं. मंजुळाबाईंनी बटण दाबलं, सोडलं, घोटभर पाणी घेतलं, परत दाबलं.

“मंजुळा बोलते. लेप नव्हता, लेप्टो होता. मी भलतंच ऐकलं. माझं चुकलं. पाय धुवा, जेवा आणि कल्पिताकडून घेऊन गोळी गिळा.”

एकेकाने ते दोनदा ऐकलं. मग देवरामने लिहिलं, ‘सावधान! हा आवाज काकींचा नाही. हल्ली कम्प्युटरवर कुणाचाही आवाज काढतात.’ हेमांगीने लिहिलं, ‘खरंय. काकी असं बोलूच शकत नाहीत.’ त्यावर चोवीस अंगठे उठले. कुणीतरी हा इशारा शेजारच्या आळीलाही पाठवला.

मंजुळाबाईंनी चपला घातल्या.

पहिलंच दार देवरामचं. त्याने ऐकलं, आणि आत हाक मारली, “अगं, बाहेर ये, काकी काय म्हणतायत बघ!” बायको आली. तिच्यासाठी परत म्हणावं लागलं. मग सासू झोपली होती, तिला उठवलं. एकेचाळीस घरांत असंच झालं. कल्पिता मागून पिशवी घेऊन चालत होती आणि गोळी गिळेपर्यंत माणसासमोरून हलत नव्हती. हसत नव्हती, हे मंजुळाबाईंनी लक्षात ठेवलं.

काळुराम घरी नव्हता. तो शेवटी खाडीच्या बांधावर सापडला, तिकडे हलवलेल्या पंपाशी. कल्पिताने कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

“वयनी, तू चुकलीस? शक्य नाय,” तो म्हणाला. “चाळीस वर्षं या घरात मीच चुकतोय.”

“जेवलास का?”

“जेवलो. पण मग माझ्या लग्नात मटण कमी पडलं, ते पण तूच चुकलेलीस?”

“ते तुझंच चुकलं. गोळी गिळ.”

काळुरामने गोळी गिळली.

“तोंड उघड,” मंजुळाबाई म्हणाल्या.