खेमराजच्या मोटारी

"खेमराज, मोटार बंद नोको करू!"

मी शेताच्या धुऱ्यावरून ओरडले. शेजारी असून पाच वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. खटक्यावर हात ठेवून तो वळला.

"काहून काकी? बांधीत गुडघाभर पानी झालं. धान सडन."

"सडू दे. तुह्या काकाचा दम अटकून राह्यला."

भांडण ह्याच मोटारींचं. आमचं घर लायनीच्या शेवटच्या खांबावर. त्याच्या दोन्ही मोटारी चालल्या की आमचा दिवा पिवळा पडतो. शिव्या घातल्या, वीज ऑफिसात अर्ज दिला. अंगठा नाही, सही केली.

आमची साधना अमेरिकेत नर्स. बापासाठी तिनं ऑक्सिजनचं यंत्र पाठवलं. सगळ्या लामता गावाला मी ते दाखवलं. पिन चपटी, आपल्या भोकात जाईना. महागू वायरमननं जोड लावून दिला आणि वर शहाणपणा केला, "काकी, पिन बसली म्हनून करंट बसत नाही. ह्याले एकशेवीस व्होल्ट लागते, आपल्याकडं दोनशेतीस. गोंद्याहून ट्रान्सफॉर्मर आना, तवा लावा."

"तू मले नोको शिकवू," मी म्हणाले.

आज सकाळी ह्यांचं ऑक्सिजनचं सिलिंडर संपलं. ट्रान्सफॉर्मर आणि भरलेलं सिलिंडर आणायला मुलगा धर्मेंद्र गोंदियाला पळाला. ह्यांचे ओठ निळे पडले तशी मी पिन खुपसली. चाललं! महागूला बोलावलं, त्यानं मीटर लावलं. एकशे पंचवीस.

"खेमराजच्या मोटारी वढून राह्यल्या म्हनून. त्या थांबल्या की मशीन जळन."

म्हणून मी धुऱ्यावर गेले होते. हात जोडले.

खेमराजनं कुदळ घेऊन बांध फोडला, पाणी नाल्यात सोडलं. मोटारी चालू ठेवल्या.

घरी येऊन ह्यांच्या उशाशी बसले. नजर दिव्यावर. पिवळा होता.

"कोनाची मोटार?" ह्यांनी विचारलं.

"खेमराजची."

"तू सांगतलं त्याले?"

"हौ. हात जोडून."

"मंग माहं काही खरं नाही," म्हणाले आणि हसले. दम नसताना हसले.

धर्मेंद्रचा फोन आला. "माय, सगळं घेतलं, पन येताना गाडी बालाघाटले उभी हाय. सुटूनच नाही राह्यली."

तेवढ्यात दिवा पांढराशुभ्र झाला. पाच वर्षं मी असाच दिवा मागत होते. यंत्र किंचाळायला लागलं. जळलं तर धर्मेंद्र ट्रान्सफॉर्मर आणून कशाला लावणार? मी पिन ओढली.

खेमराज दारात आला. हात काळे, अंगाला जळक्या तारेचा वास.

"मोटार जळली, काकी. तिच्यासंगं दुसरीबी बंद पडली."

"बस," मी म्हणाले.

तो जमिनीवर बसला. मी पंखा घेतला आणि ह्यांना वारा घालत राहिले. नळी नाकाला तशीच होती.

खेमराजला माझ्याआधी कळलं. त्यानं उठून दिवा विझवला. मी पंखा थांबवला नाही.