केसरबाईंची हाक

मोहाची फुलं पडायला लागली तशी बचत गटातल्या बायकांनी तीन वर्षांत पहिल्यांदाच संघप्रियाला सोबत नेलं. मुलचेऱ्याकडच्या जंगलात यंदा वाघाची धास्ती होती. सातही जणींनी एकमेकींच्या नजरेत राहायचं, हाक आली की लगेच ओ द्यायची, असं ठरलं होतं.

या बोलावण्याने ती हरखून गेली होती. आपण बऱ्या झालो, असं मनाशी धरून तिने तीन वर्षं चालू असलेल्या गोळ्या बंद केल्या. त्या घेतल्या की पहाटे उठवत नसे. भावालाही सांगितलं नाही. गोळ्या सोडून आता वीस दिवस झाले होते.

त्या सकाळी फुलं वेचताना झुडपातून हाक आली, "संघे, इकडं ये. इथी लय पडली हायेत."

आवाज शेजारच्या केसरबाईंचा होता. गटात तिच्यासाठी शब्द टाकला होता तो त्यांनीच. संघप्रियाने ओ दिली, टोपली उचलली आणि झुडपाकडे निघाली. दहा-पंधरा पावलं गेली असेल, तेवढ्यात मागे कोणी खोकलं. तिने वळून पाहिलं. केसरबाई तिथेच मोहाच्या बुंध्याशी उकिडव्या बसून पाला सारत होत्या. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

आणि झुडपातून त्यांचाच आवाज म्हणाला, "ये ना. काऊन थांबली?"

वाघ असता तर ओरडता आलं असतं. तीन वर्षांपूर्वीही असेच आवाज यायचे. तेव्हा ते खोटे आहेत हे सांगणाऱ्या भावजयीच्याच अंगावर ती वरवंटा घेऊन धावली होती. आज कोणी सांगायची गरज नव्हती, तिला स्वतःलाच दिसत होतं. पण कळल्याने धीर आला नाही. मग सकाळपासून ऐकलेलं खरं कोणतं? जंगलात चल म्हणून तरी बाईंनी खरंच म्हटलं होतं का?

"सांगशील तर ह्या तुले पुन्हा नेणार नाईत," आवाज म्हणाला. एवढं तरी तो खरं बोलत होता.

ती परत फिरली आणि केसरबाईंजवळ येऊन बसली.

"बाई, तुमी आता मले हाक मारली का?"

"नाई."

"तुमचा आवाज येऊन राह्यला तिकडून. अजून येते. मी गोळ्या सोडल्या."

बाजूला फुलं वेचणाऱ्या दिव्यानीने लगेच आपली टोपली उचलली आणि ती दूर सरकली. केसरबाईंनी आधी झुडपाकडे पाहिलं, मग संघप्रियाच्या हातांकडे. मग आपल्या पदराची गाठ त्यांनी तिच्या पदराला मारली.

"रस्ताभर मले इचारत राह्य," त्या म्हणाल्या. "मी बोलली का नाई, खरं सांगीन."

गाव येईपर्यंत संघप्रियाने कितीदा तरी विचारलं. बहुतेक वेळा उत्तर "नाई" असंच आलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि केसरबाई तिला बसने गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आवाज विरायला दीड महिना लागला. तोवर मोहाचा हंगाम संपला, विडीसाठीच्या तेंदूपत्त्याची तोडणी लागली. गटातून निरोप आला नाही.

केसरबाई मात्र येत राहिल्या. एकदा दारात बसल्या बसल्या म्हणाल्या, "मले तुई भीती वाट्टे, संघे. खोटं काऊन बोलू?"

"मले बी माईच भीती वाट्टे," संघप्रिया म्हणाली.

तरी केसरबाई उठल्या नाहीत.