हुडाची उंची

उभा धरला की मनगट मागे रेटलं जायचं, तिरका केला की वारा त्याच्यावरून नुसता घसरून जायचा... गुंडा मिस्त्रीने दिलेला पत्र्याचा तुकडा खिडकीबाहेर धरून पायगोंडा एका हाताने पिकअप चालवत मिरजेला त्याच्याच गॅरेजकडे निघाला होता, दोन्हीकडचा ऊस मागे वाहत होता, आणि ओढ्यात पाय सोडून बसल्यासारखं त्याला गार, सुखाचं वाटत होतं.

पिकअपच्या मागचं हूड, म्हणजे छत, असंच हवं. बसकं, मागे उतरतं, पत्र्याचं. विड्याच्या पानांचे डाग, म्हणजे बांधलेल्या करंड्या, खंडाळ्याला उतरवून परतताना आत्ताची ताडपत्री असं वारं भरून घ्यायची, की कुणीतरी मागून सदरा धरून ठेवल्यासारखी गाडी अडायची. आष्ट्याला घरी पोचेपर्यंत दिवस बुडालेला. मग जेवण नाही, जैनाच्या घरात ते नाहीच. तो उपाशी, आणि शालनही. नवऱ्याआधी जेवायची तिची रीत नव्हती. ती उपाशी राहते याचं त्याला फार वाईट वाटायचं. म्हणून तर नवं हूड.

"आवं, उंच करा," शालन सकाळी म्हणाली होती. "मी बी येत जाईन. मागं बसंन डबा घिऊन. दिस असंल तितं झाडाखाली जेवू."

"मागं? पानांच्या डागात?" केबिनमध्ये हमाल केरबा असायचा. पायगोंडा हसला होता. "फिरायची लय हौस आली गं तुला!"

ती भाकरी थापत राहिली.

मिरजेत गुंडाने जमिनीवर खडूने हूड काढून दाखवलं. "बसकंच करू, पाटील. वारं वरनं निसटतंय. दिस बुडायच्या आत ताटावर बसशीला."

ताटावर... वेळेत पोचलेले दिवस पायगोंडाला आठवले. हातपाय धुऊन पाटावर बसायचं, शालन वाढायची, मागच्या दारातून आलेली उन्हाची तिरीप भिंतीवर वर वर सरकत असायची. शालन सारखी तिकडे बघायची. मी सावकाश जेवायचो — घाटातली गंमत, बाजारातल्या बाता, सगळं सांगत. "आज वेळंत आलो बघ." "व्हय की," म्हणायची, आणि वाढायची. माझं ताट उचललं, की मग तिने बसायचं. पण तेव्हा तिरीप? भिंतीवर तेव्हा काही नसायचंच, दिवस बुडालेला असायचा. मी ओट्यावर सुपारी कातरत असायचो, आणि आत भांडी वाजायची — घासलेली, पालथी घातलेली...

वेळेत मी आलो होतो. मी एकटाच.

"किती उंच धरू, पाटील?"

पायगोंडाने हात वर केला, थोडा खाली घेतला, तसाच धरून ठेवला. शालन जेवते कशी, घास लहान घेते का मोठा, हे तो आठवू पाहत होता — आणि लग्नात त्याने भरवलेल्या एका घासापुढचं त्याला काही दिसेचना.