मागचा ब्रेक आधी

बॉयलर. पहिला दिवाळसण. तापाने आडवा पडलेला विठ्ठल. हवेत लांबलचक फेटा.

आता हे जुळवून सांगायचं तर असं. युद्ध संपल्यावर लष्कराच्या लॉऱ्या लिलावात निघाल्या, त्यातली एक कल्याणच्या दौलतच्या हाती आली. त्या दिवाळीत नाशिकहून कल्याणजवळच्या मोहने गावी बॉयलर आणायचा होता, मागे ट्रेलर जोडून. ट्रेलरचा ब्रेक वेगळा. तो आवळायचं चाक फिरवायला मागे ट्रेलरवर माणूस लागे. नेहमीचा विठ्ठल आजारी, म्हणून दौलतने जावयालाच बसवलं. हा पोपट, लेक शेवंतीचा नवरा, दिवाळसणाला आलेला आणि मानाचा फेटा मिळाला नाही म्हणून फुगलेला.

कसाऱ्याच्या माथ्यावर दौलतने लॉरी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

"हे बघ पोपट, घाटात मागचा ब्रेक आधी, पुढचा मग. उलटं झालं तर बॉयलर आपल्या उरावर. हॉर्न वाजला की आवळ, जरा सोड, परत आवळ."

उतार लागला. हॉर्न वाजला. मागे काहीच नाही. ट्रेलर लॉरीला ढुशा देऊ लागला.

"अरे पोपट, आवळ की!"

"पोपट कोण?"

दौलतने मान खिडकीबाहेर काढली. "पोपटराव!"

"सासुरवाडीत एवढंच म्हणतात मला?"

"जावईबापू! आवळा हो!"

"बोडक्या डोक्याने?"

बाजूला दरी. इंजिन किंचाळत होतं. स्वतःचा ब्रेक दाबावा तर लॉरी आडवी. दौलतने डोक्यावरचा फेटा ओढला आणि खिडकीबाहेर सोडला. तो उलगडत, बॉयलरला अंग घासत थेट पोपटच्या हातात गेला.

"जुना आहे, मामा."

"धुतलेला आहे!"

पोपट फेटा बांधू लागला. दोन्ही हातांनी. एक वेढा झाला, एक वळण गेलं. दुसरा वेढा, दुसरं वळण.

"तुरा राहू द्या, जावईबापू!"

"तुऱ्याशिवाय फेटा असतो का?"

तुरा उभा राहिला. मग कुठे चाक फिरलं. हट्टी म्हशीसारखा ट्रेलर मागे ओढू लागला, आणि दौलतने हलकेच आपला पाय दाबला.

पायथ्याच्या टपरीवर चहावाल्याने पहिला कप फेटेवाल्यापुढे धरला. बोडका दौलत म्हणाला, "बरोबर आहे. मागच्याला आधी."

नाशिकला निघायच्या सकाळीच शेवंतीने नवऱ्यासाठी नवा फेटा, कुणाला न सांगता, दौलतच्या सीटखाली ठेवला होता.