न विचारलेले नाव

पळीतले पाणी तळहातावर पडले, त्यात खिडकीबाहेरचा मेपल क्षणभर उलटा थरथरला – अक्षता हलल्या, सुपारी मात्र स्थिर राहिली. गुरुनाथशास्त्र्यांनी बोटे घट्ट जुळवली. आता संकल्प उच्चारायचा आणि उदक ताम्हनात सोडायचे. एकदा ते सोडले की उच्चारलेला हेतू मागे घेता येत नाही; पाठशाळेत ते हेच शिकले होते, आणि पुढे जन्मभर शिकवीत आले होते.

अमेरिकेतल्या एडिसन गावी मुलाच्या या दिवाणखान्यात मराठी मंडळातली माणसे केयाच्या रक्षणाच्या पूजेसाठी दाटीवाटीने बसली होती. देव्हाऱ्याशेजारी केयाचा, त्यांच्या नातीचा, लष्करी गणवेशातला फोटो होता. कोणी उत्साहाच्या भरात त्याला हार घातला होता – जिवंत मुलीच्या फोटोला! सुनेने, सुलेखाने, तो काढून ठेवला होता.

"काका, संकल्पात शत्रूचा नाश पण ॲड करा ना," मंडळाचा सेक्रेटरी शंतनू फोन उंच धरून म्हणाला. "लाइव्ह चालू आहे, सगळे बघतायत."

शत्रूचा. केया सैन्यात गेली तेव्हा याच शंतनूने हसत विचारले होते, कुठे ॲडमिशन मिळाली नाही का? त्याचा स्वतःचा मुलगा सांता क्लाराला वातानुकूलित खोलीत सुखरूप आहे, आणि आज त्याला शत्रू हवा आहे, तोही माझ्या मुखातून, माझ्या हातच्या पाण्यावर... शास्त्र्यांच्या कानशिलांत रक्त धडधडू लागले. आचमन करून बसलेल्या माणसाने क्रोध करू नये. परंतु क्रोध येऊ नये असे इथे काय उरले होते?

काल आघाडीवरून तिचा फोन आला होता. तुटक आवाज, मागे कसलीशी घरघर. "आजोबा, एका गावात एक म्हातारे होते. त्यांनी मला पाणी दिलं. देन वी टुक देअर हाउस. उद्या पूजेत त्यांचं नाव घ्याल?"

नाव काय त्यांचे, असे त्यांनी विचारले होते.

"आय नेव्हर आस्क्ड, आजोबा."

तहानलेल्याला पाणी देणारा शत्रू कोणत्या शास्त्रात बसतो? आणि ज्या मुलीला मी उंबऱ्याबाहेर चप्पल काढायला शिकवले, तिला बूट घालून परक्याच्या घरात शिरायला शिकवणारे कोण हे? त्यांच्या घरी नाती नाहीत का?

"बाबा," सुलेखा अगदी हळू म्हणाली. कालचे बोलणे तिनेही ऐकले होते. "फक्त आपल्या केयाचं म्हणा. दुसरं काही मिसळू नका."

तिच्या डोळ्यांतली भीती त्यांच्याही मनात होती. दुसऱ्याचे नाव घेतले तर केयाच्या वाट्याचे रक्षण तेवढे उणे होईल? देव असा वाटणी करतो का? जन्मभर नाही म्हणून सांगत आलो, आणि आज... आज मला खात्री नाही.

"काका?" फोन किंचित जवळ आला.

देश, काळ, तिथी त्यांनी सावकाश उच्चारली. केयाचे गोत्र, केयाचे नाव. मग ते थांबले. ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप म्हणावे, एवढी सोय पूर्वजांनी करून ठेवली होती. नावाची सोय मात्र कोणी केली नव्हती; ते कोणीतरी विचारावेच लागते.

तळहातावरचे पाणी एव्हाना अंगाइतके कोमट झाले होते. संताप होता तिथेच होता. शंतनूकडे, सुलेखाकडे, कोणाकडेही न पाहता ते त्या पाण्याकडे पाहत राहिले – कोणीतरी आत्ताच प्यायला दिले असावे तसे – आणि 'काश्यप'मधले 'का' हे अक्षर त्यांच्या जिभेवर येऊन थांबले.